नागअळी आणि कुंतीचा काय दोष?

सोनईला आमच्या आळीत बहुतेकांच्या दारात लिंबाचं झाड आहे. पाऊस पडून नवती फुटली की कोवळ्या पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेघा उमटतात, पानं आकसतात आणि मग दोषी कोण याचा शोध सुरू होतो. (आळीत अळी ही कोटी मी करणार नाहीये.) यंदा पाळी कुंतीची आहे. मोठ्या काकूंचं म्हणणं, कुंपणाची कुंती तोडा, तिच्यावरूनच नागअळी येते. शेजारच्या टोमॅटोवरही त्यांचा संशय आहे!

माझं मत विरुद्ध आहे, आणि काकू हे वाचणार हे माहीत असून लिहितोय.

लिंबावरची नागअळी ही एका चिमुकल्या पतंगाची अळी. शास्त्रीय नाव फायलोक्निस्टिस सिट्रेला. १८५६ साली स्टेन्टन यांनी तिचं वर्णन केलं ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून, म्हणजे ती इथलीच. पतंगाचे पंख पसरले तरी पाचेक मिलिमीटर. मादी कोवळ्या पानावर अंडं घालते, अळी पानाच्या सालीखाली बोगदा करत रस पिते आणि शेवटी पानाची कड दुमडून तिथेच कोषात जाते. लिंबू, मोसंबी, संत्रं, बेल, कुंती... सगळी तिला चालतात, कारण सगळी एकाच कुळातली. म्हणजे काकूंचं निम्मं बरोबर. पण मग बेलही तोडायचा का? सोमवारी महादेवाला काय वाहणार? आणि मुळात लिंबू हेच तिचं लाडकं घर आहे!

टोमॅटोचा तर संबंधच नाही. त्याच्या पानावर रेघा ओढते ती बहुधा एका माशीची अळी, नाहीतर २०१४ मध्ये पुण्याकडे सापडलेला, मूळचा दक्षिण अमेरिकेतला टुटा पतंग. दोघंही लिंबावर जगत नाहीत. पण रेघ दिसली की आपण सगळ्यांना नागअळीच म्हणतो, घोळ तिथे होतो.

मला खरी काळजी पंपाची आहे. विषाला आपण 'औषध' म्हणतो, आणि त्याच झाडाचं लिंबू लोणच्यात घालतो. अळी सालीखाली सुरक्षित असते, वरवर मारलेलं बरंचसं तिच्यापर्यंत पोचतच नाही. मरतात ते तिच्यावर जगणारे बारीक कीटक. १९९३ मध्ये ही अळी फ्लोरिडात पोचली, तेव्हा तिथल्या लोकांनी पुढच्याच वर्षी गांधीलमाशीच्या जातकुळीतला असा एक कीटक ऑस्ट्रेलियातून मुद्दाम आणून सोडला. आपल्याकडे असले कीटक फुकट आहेत, तर आपण त्यांना मारतोय.

मोठ्या झाडाचं या रेघांनी फारसं बिघडत नाही. लहान रोपाचं बिघडतं, आणि जखमेतून खैऱ्याही शिरतो. नवी बाग लावलेल्यांनी कृषी विद्यापीठात विचारावं, राहुरी काही लांब नाही. दारातल्या झाडाची मात्र रेघांची पानंसुद्धा तोडू नयेत, उरलेला हिरवा भाग झाडाला अन्न देतच असतो. आणि उठसूट युरिया टाकून अवेळी पालवी काढणं थांबवावं, अळीला कोवळं पान त्यातूनच मिळतं.

तेव्हा काकू, कुऱ्हाड राहू द्या. पंपही शेजाऱ्यांना परत करा, त्यांना कपाशीला लागणार आहे.