नको म्हणजे नको

आमच्या सोनारीत (तालुका परंडा) पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा तांब्या पुढे येतो. परवा पुण्यातल्या एका जपानी हॉटेलात तांब्याऐवजी गरम ओला रुमाल आला, हात पुसायला. त्याला म्हणे 'ओशिबोरी' म्हणतात. हे तर आपल्या घरचंच झालं!

मी शाकाहारी आहे हे कळताच वाढणाऱ्या मुलीने स्वतःहून सांगितलं, "मिसो सूपमध्ये सुक्या माशाचा अर्क असतो, तुमच्यासाठी समुद्रशेवाळाचं करून आणते." मला हे विचारायचं सुचलंही नसतं. मग वाफाळता चिकट भात, भाज्यांचा कुरकुरीत तेम्पुरा... मजा आली. आणि पोट भरल्यावर कुणीही "अजून एक घ्याच" म्हणालं नाही!

आपल्याकडे आग्रह म्हणजेच प्रेम. 'नको' म्हणणाऱ्याच्या ताटात हमखास पोळी पडते. साखरेचा त्रास असलेल्या आत्याला शपथ घालून लाडू वाढतात, याला मी तरी पाहुणचार म्हणणार नाही. तिला काय चालतं हे आधी विचारलं तर काय बिघडेल? ती बिचारी लाडू पदराआड लपवते. पुढे तो भैरवनाथाच्या देवळातली माकडं खातात, हा भाग वेगळा.