काकूची जागा आणि अक्षरांचा टीव्ही

दिवाळीत जुन्या जालन्याला काकांकडे गेलो होतो. फराळ झाला, गप्पा झाल्या. काकू तिच्या नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या दाराशी पाट टाकून मालिका बघत होती. सहज बोलून गेली, "तू घेऊन दिलेला टीव्ही चांगलाच असंल रे, पण मला इथून सगळे राख फासल्यासारखे दिसायलेत."

मंडळी, तो टीव्ही मीच निवडला होता. घरातला 'कॉम्प्युटरवाला' ना मी! निवृत्तीच्या पैशातून काका आयुष्यातला बहुधा शेवटचा टीव्ही घेत होते आणि त्यांनी सगळी मुखत्यारी माझ्याकडे दिली होती. कुंडलिकेचा पूल ओलांडून आम्ही नव्या जालन्यातल्या एका दुकानात गेलो. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर तेच मोर, तीच फुलं, तेच धबधबे. मी म्हणालो, एखादं मराठी चॅनल लावून दाखवा. उत्तर आलं, "साहेब, इथं केबल नाही." तिथेच माघारी फिरायला हवं होतं. पण एलईडी, क्यूएलईडी, फोर-के ही अक्षरं ऐकून मलाही चेव चढला. पंचावन्न इंची घेऊन आलो.

म्हणून आज भांडायचं आहे ते या अक्षरांशी. आणि माझ्यासारख्या अर्धवट शहाण्या पुतण्यांशीही.

पहिली गोष्ट. 'एलईडी टीव्ही' नावाचं वेगळं तंत्र बहुतेक घरांत नसतंच. तो एलसीडीच असतो. द्रवस्फटिकाला स्वतःचा उजेड नाही, मागून दिवा लावावा लागतो. आधी मागे बारीक ट्यूबलाइट असायच्या, नंतर एलईडी आले. दिवा बदलला आणि दुकानदाराने टीव्हीचंच बारसं केलं. क्यूएलईडी म्हणजे त्याच दिव्यापुढे अतिसूक्ष्म कणांचा एक थर. त्याने लाल आणि हिरवा रंग अधिक शुद्ध दिसतो, हे खरं. पण बाकी तोच एलसीडी. एका अक्षराने तो ओएलईडीचा सख्खा भाऊ वाटतो, पण आहे चुलतसुद्धा नाही. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. किंमतही तशीच. शिवाय काकांसारखा माणूस दिवसभर बातम्या लावून बसला, तर खालच्या पट्टीचा आणि चॅनलच्या चिन्हाचा डाग पडद्यावर कायमचा उमटण्याची भीती.

दुसरी गोष्ट, फोर-के. ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. आणि काकांच्या डिशवर येणारं साधं चॅनल? जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाख चौदा हजार. भागाकार करून बघा, बरोबर वीस. म्हणजे एका ठिपक्याचे वीस करण्याचं काम टीव्ही अंदाजाने करतो. वाटीभर वरणात वीस वाट्या पाणी घातल्यावर ते जसं लागेल, तसं ते चित्र दिसतं. त्यात बसवायला आलेल्या मुलाने जुना सेट-टॉप बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडला आणि तो निघून गेला. पैसे ८३ लाखांचे मोजले, बघतोय चार लाख!

तिसरी गोष्ट मात्र मला जास्त लागली. घरी आल्यावर मॉडेल नंबरवरून शोधलं, तर आमचा पडदा व्हीए जातीचा निघाला. हा समोरून बघणाऱ्याला छान गडद काळा देतो, पण बाजूला सरकलात की रंग फिके पडतात. आयपीएस जातीचा पडदा बाजूनेही रंग बराच टिकवतो, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा राखाडी दिसतो. दोन्हींत देवाणघेवाण आहे. ती आपल्याला कुणी सांगत नाही, कारण ती अक्षरांत बसत नाही.

आमच्या जुन्या ठोकळ्यात ही भानगड नव्हती. काचेच्या आतला लेपच उजळायचा, त्यामुळे १९८७ साली 'रामायण' बघायला जमलेली गल्ली ओसरीवरून, जिन्यावरून, दारातून सारखंच चित्र बघायची. चपट्या पडद्याने घरात मानाची जागा तयार केली. आणि त्या जागेवर कोण बसतं, हे सांगायची गरज आहे का?

कुणी म्हणेल, मग काय ठोकळाच ठेवायचा? मुळीच नाही. ठोकळ्यावर फार माया केली की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात कारखाना असलेल्या व्हिडिओकॉनने २००५ साली थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. नेमकं तेव्हाच जग चपट्या पडद्याकडे वळत होतं. पुढे कर्जाचा डोंगर वाढत गेला आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. टीव्ही बनवणारेच चुकले, तर आपण कोण? पण आपल्याला उद्याचं तंत्र ओळखायचं नसतंच. आपल्याला फक्त आपली बैठकीची खोली ओळखायची असते.

घरात क्रिकेट आणि नेटवरचे सिनेमे बघणारी पोरं असतील, तर खुशाल मोठा फोर-के घ्या. पण दुकानात जाण्याआधी घरात कोण कुठे बसतं, काय बघतं, खिडकी कुठे आहे ते बघा. दुकानात पडद्याच्या बाजूला जाऊन उभे राहा. भडक रंगांचा मोड बंद करायला सांगा. आपलं चॅनल लावून दाखवत नसतील, तर दुसरं दुकान गाठा. आणि नव्या टीव्हीच्या आधी एचडी बॉक्स घ्या, कदाचित टीव्ही बदलायची गरजच उरणार नाही.

आमच्याकडे आता एचडी बॉक्स आला. टीव्ही भिंतीवरच्या फिरत्या स्टँडवर चढवला आणि तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवलं. सोफ्यावरून काकांना थोडं फिकट दिसतं म्हणे. पण ते काही बोलत नाहीत. मालिका संपेपर्यंत तरी नाही.