कॅमेरा घेताना : उजेडाचा हिशेब

अक्षय तृतीयेची सकाळ. स्थानकाशेजारच्या सभागृहात वर्षीतपाच्या पारण्याची तयारी झाली होती. किराणा व्यापार करणाऱ्या एका मध्यमवर्गीय कुटुंबातील आजींनी सुमारे तेरा महिने एक दिवस उपवास आणि एक दिवस बियासना हा क्रम अखंड सांभाळला होता. या दिवसासाठी नातवाने मुद्दाम नवा कॅमेरा घेतला होता. दुकानात ऐकलेले दोन आकडे त्याला पाठ होते : वीस मेगापिक्सेल आणि चाळीस पट झूम. सभागृहाचे पडदे ओढलेले होते आणि साध्वीजी विराजमान असल्याने फ्लॅश न वापरण्याची सूचना होती. थोरल्या मुलाने इक्षुरसाची वाटी आईच्या ओठांशी नेली आणि नातवाने मागच्या रांगेतून झूम ताणून भराभर छायाचित्रे घेतली. घरी येऊन पाहतो तो एकाही छायाचित्रात आजींचा चेहरा स्पष्ट नव्हता.

आजी शांतपणे म्हणाल्या, “तप झालं, ते काही पुसलं गेलं नाही.” नातवाचे मात्र समाधान होईना. तो कॅमेरा घेऊन दुकानात गेला. दुकानदाराने तो तपासला आणि दोष काही नाही असे सांगितले. ते खरेच होते. कॅमेरा निर्दोष होता; चूक निवडीत होती.

अशी चूक अनेक घरांत होते. व्यापारी माणूस डाळीचा दाणा दातांखाली धरून पारखतो, कापडाचा पोत बोटांनी जोखतो. परंतु कॅमेरा घेताना तोच माणूस खोक्यावरच्या आकड्यांवर विसंबतो. याचे कारण एवढेच की, या मालाची पारख कशावरून करावी हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ती पारख एका शब्दात सांगता येते : उजेड. ठरवलेल्या रकमेत कोणता कॅमेरा अधिक उजेड गोळा करतो, हा पहिला प्रश्न. बाकीचे प्रश्न त्यानंतरचे.

प्रथम मेगापिक्सेलचा आकडा पाहावा. १९७५ साली कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्याच्या चित्रात १०० गुणिले १००, म्हणजे अवघे दहा हजार बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटवर नोंदवण्यास २३ सेकंद लागत. त्या काळी बिंदूंची संख्या वाढवणे हीच मोठी गरज होती. आज ती गरज केव्हाच भागली आहे. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले, तर ४ गुणिले ६ इंचांच्या छायाचित्रास सुमारे २२ लाख आणि ८ गुणिले १० इंचांच्या छायाचित्रास ७२ लाख बिंदू लागतात. दहा लाख बिंदू म्हणजे एक मेगापिक्सेल. अर्थात घरातील अल्बमची सर्वांत मोठी गरज सात-आठ मेगापिक्सेलमध्ये पूर्ण होते. आज बाजारातील जवळपास प्रत्येक नवा कॅमेरा याच्या दुपटी-तिपटीचा असतो. म्हणून या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.

खरा फरक आहे तो सेन्सरच्या आकारात. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतील ती चकती, जिच्यावर प्रकाश पडून चित्र उमटते. पावसात वाटी ठेवली काय आणि परात ठेवली काय, पाऊस तोच असतो. साठणारे पाणी भांड्याच्या तोंडावर ठरते. खिशात मावणाऱ्या मोठ्या झूमच्या कॅमेऱ्यांतील सेन्सर बहुधा ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे २८ चौरस मिलिमीटरचा असतो. लेन्स बदलता येणाऱ्या मध्यम किमतीच्या कॅमेऱ्यांत ‘एपीएस-सी’ नावाचा सेन्सर असतो. त्याचे माप साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३६६ चौरस मिलिमीटर. हे क्षेत्रफळ तेरा पट झाले. याहून मोठा, ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा ‘फुल फ्रेम’ सेन्सरही मिळतो. परंतु त्याचा कॅमेरा आणि त्याच्या लेन्स मध्यम अंदाजपत्रकाबाहेर जातात आणि घरगुती वापरासाठी त्याची आवश्यकताही नसते.

सेन्सर ही परात मानली, तर लेन्स ही तिच्यापर्यंत प्रकाश आणणारी खिडकी आहे. लेन्सवर ‘एफ’ अक्षरापुढे जो आकडा असतो तो या खिडकीच्या उघडण्याचा. आकडा जितका लहान तितकी खिडकी मोठी. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८ ते ५५ मिलिमीटरच्या नेहमीच्या लेन्सची खिडकी झूम पूर्ण ताणल्यावर बहुधा एफ ५.६ इतकीच उघडते. उलट ५० मिलिमीटरची, झूम नसलेली साधी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. या दोहोंतील प्रकाशाचा फरक जवळजवळ दहा पट आहे. याचा व्यवहारातील अर्थ असा : ज्या सभागृहात पहिल्या लेन्सला एका छायाचित्रासाठी सेकंदाचा पंधरावा भाग लागेल, तेथे दुसरीचे काम सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाहूनही कमी वेळात होईल. सेकंदाच्या पंधराव्या भागात ओठांकडे जाणारा हात हलतो, चेहरा वळतो, छायाचित्र पुसट होते. सव्वाशेव्या भागात ते बहुधा स्थिर राहते. कॅमेऱ्यातील कंपरोधक यंत्रणा छायाचित्रकाराच्या हाताचा कंप सावरते; समोरच्या माणसाची हालचाल ती थांबवू शकत नाही.

जैन कुटुंबांच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. अनेक साधू-साध्वी विजेचा वापर टाळतात; त्यांच्यासमोर फ्लॅशचा झोत टाकणे अविनयाचे ठरते. अनेक जिनालयांत छायाचित्रणास मुळातच मनाई असते आणि जेथे परवानगी मिळते तेथेही फ्लॅश चालत नाही. परवानगी विचारल्याविना कॅमेरा पिशवीतून काढूच नये, हे तर उघडच आहे. म्हणजे पारणे, प्रवचन, दीक्षार्थींचा सत्कार, घरातील मंगल कार्ये असे बहुतेक प्रसंग उपलब्ध उजेडातच टिपावे लागतात. दुसऱ्या बाजूस एक सोयही आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याच्या रीतीमुळे घरातील अनेक समारंभ दिवसाउजेडीच पार पडतात. आजींना खिडकीच्या बाजूस बसवले आणि छायाचित्रकार खिडकीकडे पाठ किंवा खांदा करून उभा राहिला, तर कोणत्याही दिव्यापेक्षा सुंदर उजेड विनामूल्य मिळतो.

आता रकमेविषयी. परिग्रहाला मर्यादा घालण्याची शिकवण ज्या घरात आहे, तेथे दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच रक्कम ठरलेली असावी. त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावा : कॅमेरा खरोखर हवा आहे काय? दिवसाच्या उजेडातील, नातेवाइकांना पाठवून देण्यापुरती छायाचित्रे आजचे मोबाईल उत्तम काढतात. एवढीच गरज असेल तर खरेदी न करणे हाच योग्य निर्णय. मंद उजेडातील हालचाल, दुरून टिपलेला चेहरा, मोठी छपाई आणि वर्षानुवर्षे जतन करण्याजोगा संग्रह यांसाठी मात्र स्वतंत्र कॅमेरा उपयोगी पडतो.

गरज पक्की झाल्यावर रुपयाची वाटणी जुन्या हिशेबाने अशी करता येईल : दहा आणे कॅमेरा आणि त्यासोबतची साधी लेन्स, चार आणे एफ १.८ ची दुसरी लेन्स, उरलेले दोन आणे मेमरी कार्ड, जादा बॅटरी आणि पिशवी. अनेकजण सोळाही आणे कॅमेऱ्यावर खर्च करतात आणि लेन्ससाठी काही उरत नाही. तेथेच गणित बिघडते. वरच्या श्रेणीचा कॅमेरा आणि अरुंद खिडकीची लेन्स यांपेक्षा साधा कॅमेरा आणि मोठ्या खिडकीची लेन्स ही जोडी मंद उजेडात सरस ठरते. दुसरी लेन्स निवडताना घरातील जागेचाही विचार करावा. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स जवळचा चेहरा टिपण्यास उत्तम. परंतु लहान खोलीत संपूर्ण कुटुंब तिच्यात मावत नाही. जेथे मागे सरकण्यास जागा नाही तेथे ३५ मिलिमीटरची लेन्स अधिक सोयीची.

कॅमेऱ्याच्या प्रकारांविषयीही संभ्रम असतो. डीएसएलआर या जुन्या प्रकारात आत आरसा असतो. त्यातून थेट दृश्य दिसते आणि बॅटरी दीर्घकाळ टिकते. मिररलेस प्रकारात आरसा नसतो; कॅमेरा हलका असतो आणि अनेक मिररलेस कॅमेरे अगदी निःशब्दपणे छायाचित्र घेऊ शकतात. प्रवचनात किंवा सामायिकाच्या वेळी हा गुण मोलाचा. मात्र निःशब्द पद्धतीत काही दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे उमटतात, हे घेण्यापूर्वी पाहून घ्यावे. प्रमुख कंपन्यांच्या नव्या लेन्स आता मुख्यत्वे मिररलेससाठीच निघतात. दीर्घकाळाचा विचार असेल तर मिररलेस घ्यावा; कमी पैशात अधिक साहित्य हवे असेल तर वापरलेला डीएसएलआरही चांगले काम देतो.

वापरलेला माल घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली, शटर किती वेळा उघडले याचा आकडा. मोटारीच्या किलोमीटरप्रमाणे तो झीज दाखवतो. दुसरी, लेन्समधील बुरशी. विजेरीचा झोत लेन्समधून आरपार टाकला की कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत हा दोष विशेष आढळतो. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मूळ बिल व त्यावरील क्रमांक कॅमेऱ्यावरील क्रमांकाशी जुळणे. क्रमांक जुळत नसेल तर माल चोरीचा असण्याची शक्यता असते आणि चोरीचा माल घेणे, म्हणजे तदाहृतादान, हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार आहे. नव्या कॅमेऱ्यासही हेच लागू आहे. बिलाविना स्वस्त मिळणाऱ्या मालाला कंपनीची हमी मिळत नाही आणि कर चुकवणे हे विरुद्धराज्यातिक्रमाच्या जवळ जाते. दुकानातील मालाची छायाचित्रे काढण्यासाठी पेढीच्या नावे कॅमेरा घेणे रास्त आहे. परंतु घरच्या समारंभांसाठी घेतलेला कॅमेरा पेढीच्या वहीत दाखवून त्यावरील जीएसटीचा लाभ घेणे कायद्यालाही मान्य नाही.

साहित्याविषयीही थोडे लक्ष असावे. जुन्या फिल्मवरील प्रकाशसंवेदी थर जिलेटिनमध्ये बसवलेला असे आणि जिलेटिन जनावरांच्या हाडां-कातड्यांपासून बनते. डिजिटल कॅमेऱ्याने ती फिल्म दूर केली; परंतु प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या पारंपरिक छायाचित्र-कागदावर जिलेटिनचा थर अजूनही असतो. ज्यांना तो टाळायचा आहे त्यांनी छापखान्याच्या पद्धतीने साध्या कागदावर छापलेला अल्बम मागावा आणि त्याच्या बांधणीत कातडे नसल्याची खात्री करावी. कॅमेऱ्याचा पट्टा आणि पिशवीही कापडी किंवा नायलॉनची सहज मिळते.

दुकानात गेल्यावर परीक्षा सोपी आहे. फ्लॅश बंद करावा. सोबतच्या माणसास दुकानातील सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात उभे करून बोलत राहण्यास सांगावे आणि त्याची चार छायाचित्रे घ्यावीत. मग पडद्यावर चेहरा पूर्ण मोठा करून डोळे पाहावेत. पापण्या स्पष्ट दिसल्या तर माल चांगला. ज्याच्या हाती कॅमेरा राहणार आहे, त्यानेच तो हातात धरून वजन आणि पकड अजमावावी. ‘डिजिटल झूम’चा आकडा मात्र विचारातच घेऊ नये, त्यात चित्राचा मधला तुकडा कापून मोठा केलेला असतो, एवढेच.

घरी आणल्यावर पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि आठवड्यातून एकदा तरी वापरावा. छायाचित्रांच्या किमान दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. वह्यांची नक्कल ठेवणाऱ्या पेढीला याचे महत्त्व सांगावे लागत नाही.

त्या घरातील नातवाने पुढे तो कॅमेरा योग्य बिलासह विकला. आलेल्या रकमेत थोडी भर घालून त्याने एक साधा एपीएस-सी कॅमेरा आणि ३५ मिलिमीटरची लेन्स घेतली. पारण्याचा क्षण परत येणार नव्हता. संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरातील सर्वजण परस्परांना खमतखामणा करत असताना धाकट्या सुनेने आजींच्या पायांवर डोके ठेवले. आजी खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांनी हात तिच्या मस्तकावर ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. नातू तीन हातांवर उभा होता. त्या छायाचित्रात आजींच्या हातावरची प्रत्येक सुरकुती दिसते. ते आता पेढीवर, गादीच्या वरच्या भिंतीवर लावलेले आहे.