शुश्रूषेचे वेळापत्रक

शाळेच्या स्मरणिकेत निकालांची नोंद असावी, नव्या इमारतीची असावी, देणगीदारांविषयीची कृतज्ञता असावी. ती सर्व पाने या अंकात आहेतच. आम्हाला मात्र येथे एका अशा रहिवाशाविषयी लिहावयाचे आहे, जिचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही आणि जिच्यावरून गेल्या तीन वर्षांत पालकसभेत सर्वाधिक वाद झाला. तिचे नाव ठिपकी. वसतिगृहाच्या मागील दारापाशी, पहारेकऱ्याच्या खोलीलगत तिची जागा आहे. कोणी आले की ती तीन पायांवर उठून उभी राहते. चौथा पाय अधांतरी असतो. ‘हे आजारी कुत्रे शाळेत कशासाठी?’ असे अनेक पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी आम्हाला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे सविस्तर उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

तीन पावसाळ्यांपूर्वी सातवीतील काही मुलांना ती रस्त्याकडेच्या चरात पडलेली आढळली. वाहनाच्या धक्क्याने मागचा पाय मोडला होता, जखमेत अळ्या पडल्या होत्या, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी भरल्या होत्या. मुलांनी तिला पोत्यावर घालून आणले. पशुवैद्यकांनी अळ्या काढल्या, जखम धुतली आणि रक्त तपासले. गोचीडतापाचे निदान झाले. गोचिडीच्या चाव्यातून शरीरात शिरणारे हे जंतू रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी करतात. तिच्या नाकातून रक्त येत होते ते त्यामुळेच. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चार आठवडे, एकही दिवस न चुकवता द्याव्यात, असे आम्हाला सांगण्यात आले.

पहिल्या दिवशी गोळी देण्यासाठी अवघे वसतिगृह जमले होते. कोणी दूधभात आणला, कोणी आपली चादर दिली. दहाव्या दिवशी ठिपकी खाऊ लागली होती, चाचणी परीक्षा तोंडावर आली होती आणि मागील दारी कोणीही नव्हते. स्वयंपाकघरातील मावशींनी पाकिटातील गोळ्या मोजल्या तेव्हा दोन दिवस औषध चुकल्याचे लक्षात आले. दोष मुलांचा नव्हता, आमचाच होता. मुलांच्या डोळ्यांतील पाण्यावर आम्ही विसंबून राहिलो होतो. त्याच रात्री वसतिगृहाच्या भिंतीवर एक तक्ता लागला: तारीख, वेळ, औषध, देणाऱ्याची सही. जीव वाचविण्याची घटना एका दिवसात घडली होती. शुश्रूषेला खरी सुरुवात त्या तक्त्यापासून झाली, असे आम्ही मानतो.

गोचीडताप बरा झाला. मोडलेला पाय जुळला, पण त्यावर भार घेणे तिला जमले नाही. पुढील उन्हाळ्यात एका पहाटे तिला आकडी आली. शरीर ताठ झाले, तोंडातून फेस आला, पाय हवेत झाडले जाऊ लागले. धावत आलेल्यांपैकी एकाने कांदा आणला, दुसऱ्याने चप्पल हुंगवण्यास सांगितले, तिसरा तिच्या दातांत चमचा घालण्याच्या बेतात होता. पशुवैद्यकांनी नंतर आम्हा सर्वांना समजावले ते असे. आकडी आली की भोवतालच्या कठीण वस्तू दूर कराव्यात, गर्दी व गोंगाट थांबवावा, तोंडात हात किंवा वस्तू घालू नये आणि घड्याळाकडे पाहावे. पाच मिनिटांत आकडी थांबली नाही, किंवा एकामागून एक येऊ लागली, तर तत्काळ दवाखाना गाठावा.

तेव्हापासून तिला फेनोबार्बिटोनच्या गोळ्या सुरू आहेत. हे औषध दर बारा तासांनी द्यावे लागते आणि ते अचानक बंद केल्यास अधिक तीव्र आकडी येण्याचा धोका असतो. औषधाने भूक आणि तहान वाढते, यकृतावर भार पडतो, म्हणून ठरावीक काळाने रक्ततपासणी करावी लागते. गोळ्या अधीक्षकांच्या कुलुपबंद कपाटात असतात. सकाळी सहा आणि सायंकाळी सहा वाजता, ज्याची पाळी असेल तो विद्यार्थी अधीक्षकांच्या देखत गुळाच्या खड्याएवढ्या भाकरीच्या गोळ्यात औषध घालून देतो आणि सही करतो. परीक्षा असो वा स्नेहसंमेलन, ही वेळ बदलत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप पालकांचा, मुलांच्या सुरक्षिततेविषयीचा. तो आम्ही पूर्णतः मान्य करतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. लहान मुलांच्या बाबतीत निष्काळजीपणास क्षमा नाही. म्हणूनच ठिपकीची नसबंदी झालेली आहे, रेबीजप्रतिबंधक लस दरवर्षी टोचली जाते, तिच्या जागेला जाळीचे दार आहे आणि पाळी नसलेल्या मुलांना आत प्रवेश नाही. शिवाय प्रत्येक वर्गाला आम्ही शिकवले आहे की, कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला वा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, तिच्यावर चुना, हळद वा तिखट लावू नये, त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि लसीच्या सर्व तारखा पूर्ण कराव्यात. हे ज्ञान मुले सुटीत आपापल्या गावी घेऊन जातात. तेथे ना जाळीचे दार असते, ना लसवलेले कुत्रे.

दुसरा आक्षेप उपयोगाचा. ‘लंगडे, आकडी येणारे कुत्रे राखण तरी काय करणार?’ विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्षू आपल्याच घाणीत पडून होता. तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने त्याला स्वतः धुऊन काढले, आणि मग इतरांना विचारले की त्याची शुश्रूषा कोणी का केली नाही. उत्तर मिळाले की, तो भिक्षू इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता. अडीच हजार वर्षांनंतर पालकसभेत तोच शब्द आमच्या कानी आला, एवढेच येथे नोंदवतो.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वाधिक अस्वस्थ करून गेला. एका विद्यार्थ्याचे वयोवृद्ध आजोबा सभेत उभे राहिले आणि म्हणाले, “सर, कुत्र्याला पाणी होतं, आम्हाला नव्हतं. आता आमच्याच पोरांच्या शाळेत कुत्र्याची सेवा?” सभा स्तब्ध झाली. या वाक्यामागे पिढ्यांचे दुःख आहे. त्याला चटकन उत्तर देणे उद्धटपणाचे झाले असते. महाडच्या ज्या तळ्यावर पशूंना मुभा होती तेथे माणसाला मनाई होती. १४ ऑगस्ट १९३१ रोजी मणिभवनात गांधीजींशी बोलताना, जेथे आम्हाला कुत्र्यामांजरांहून हीन वागवले जाते ती भूमी आमची कशी, या आशयाचा प्रश्न बाबासाहेबांनी केला होता. हा इतिहास विसरून दयेच्या गोष्टी करणाऱ्यांविषयी आमच्याही मनात संशय असतो. ज्यांच्या घरी श्वानाला गादी असते आणि मोलकरणीला वेगळा कप असतो, त्यांची भूतदया आम्हाला शिकायची नाही.

तरीही आजोबांना आम्ही पुढच्या भेटीत आदरपूर्वक एक छायाचित्र दाखवले. ते फेब्रुवारी १९३४ मधील, राजगृहातील आहे. त्यात बाबासाहेब आहेत, माता रमाई आहेत, यशवंतराव आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. आणि त्यांच्यासमवेत बाबासाहेबांचा लाडका कुत्रा टॉबीही आहे. मणिभवनातील त्या प्रश्नानंतर तीन वर्षेही झाली नव्हती. आमच्या मते यात विसंगती मुळीच नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर गेलेल्या जनसमुदायाचे गाऱ्हाणे पशूंना पाणी मिळते हे नव्हते. माणसाला ते नाकारले जाते हे होते. कुत्र्याला हाकला, अशी मागणी त्या सत्याग्रहात नव्हती. आजोबांनी छायाचित्र बराच वेळ पाहिले. ते म्हणाले, “पोरांच्या ताटातलं जाऊ देऊ नका म्हणजे झालं.” त्यांचे मत बदलले असा दावा आम्ही करीत नाही. त्यांची अट मात्र आम्ही लेखी स्वीकारली आहे. ठिपकीचा खर्च भोजननिधीतून वा शिष्यवृत्तीतून होत नाही. तो शिक्षकांच्या वर्गणीतून होतो आणि त्याचा हिशेब सूचनाफलकावर लागतो.

या साऱ्यातून मुलांना काय मिळाले, असे कोणी विचारील. एकच प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी एक विद्यार्थी, त्याचे नाव व इयत्ता येथे सांगणार नाही, रात्री अधीक्षकांच्या दारी आला. त्यालाही फिट येत असे. प्रवेशअर्जातील आजाराच्या रकान्यात आईने ‘नाही’ असे लिहिले होते, कारण खरे लिहिले तर प्रवेश मिळणार नाही अशी तिला भीती होती. वर्षभर तो आपली गोळी शौचालयात लपून घेत होता, आणि कधीकधी घेतही नव्हता. तो अधीक्षकांना म्हणाला, “ठिपकीची गोळी तुम्ही विसरत नाही. माझीपण ठेवाल का?” आज त्याचे औषध त्याच कपाटात, वेगळ्या खणात असते. त्याच्या खोलीतील मुलांना आकडी आल्यावर काय करावे हे ठाऊक आहे, कारण ते त्यांनी आधीच शिकलेले होते. आजार लपवावा लागू नये असे वातावरण आम्ही भाषणांतून निर्माण करू शकलो नव्हतो, हे येथे प्रांजळपणे कबूल करतो.

प्रत्येक शाळेने कुत्रे पाळावे, असे आमचे म्हणणे नाही. ठिपकीनंतर मुलांनी आणलेली दोन पिल्ले आम्ही ठेवून घेतली नाहीत. लस टोचून ती गावातील दोन कुटुंबांना दिली. जितक्यांची शुश्रूषा निभावता येईल तितक्यांचीच जबाबदारी घ्यावी, हेही मुलांना कळले पाहिजे. ठिपकीचे वय आता वाढत आहे, आकड्यांचे अंतर कमी होत आहे. एक दिवस तिच्या वेदना औषधाने आवरणार नाहीत, तेव्हाचा निर्णय पशुवैद्यकांच्या सल्ल्याने होईल आणि तो मुलांपासून लपवला जाणार नाही. ज्या मुलांनी तिला चरातून उचलले ती आता दहावीत आहेत. त्यांची जागा घेणाऱ्या सातवीच्या मुलांना ती सध्या तक्ता भरावयास शिकवीत आहेत.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती करून हा लेख संपवितो. आपण शाळेत याल तेव्हा मागील दारीही यावे आणि भिंतीवरचा तक्ता पाहावा. जून ते एप्रिलचे सर्व रकाने भरलेले आहेत. मे महिन्याच्या सुटीत वसतिगृह रिकामे होते. त्या महिन्याच्या सायंकाळच्या सहाच्या रकान्यांत अद्याप कोणाचेही नाव नाही. जे जवळपास राहतात, त्यांनी आपले नाव लिहावे.