वजनाचा काटा आणि देहाची वंशावळ

पंचवटीत किंवा त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायाला आपण गाव व आडनाव सांगितले, की तो जुन्या वहीची पाने उलटतो आणि आपले पणजोबा कोणत्या साली येथे आले होते, बरोबर कोण होते, हे वाचून दाखवतो. ऐकणारा सद्गदित होतो. परंतु त्याच गृहस्थाला डॉक्टरांनी विचारावे, ‘आपले आजोबा कशाने गेले?’ तर उत्तर मिळते, ‘वय झाले होते.’ आणि वय विचारले तर 52 निघते! घराण्याची नावे आपण जपली. देहाचा वृत्तांत मात्र जपला नाही.

हे आज आठवण्याचे कारण वजन घटवण्याच्या नव्या औषधांचा बोलबाला. मार्च 2025 मध्ये टिर्झेपॅटाइड आणि त्याच वर्षी जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतीय बाजारात आले. आठवड्यातून एक इंजेक्शन, भूक मंदावते, वजन उतरते, ही वार्ता नाशकात गंगापूर रस्त्यावर सकाळी फिरणाऱ्यांपर्यंत केव्हाच पोचली आहे. औषधे गुणकारी आहेत, यात शंका नाही. स्थूलता हा आळसाचा दोष नसून उपचार करण्याजोगी व्याधी आहे, हेही आता वैद्यकाने मान्य केले आहे. तेव्हा प्रश्न औषध घ्यावे की नाही, एवढाच नाही. औषध कोणाच्या देहात जात आहे आणि त्या देहावर पूर्वी काय काय गुजरले आहे, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत याआधी मोजून झाली आहे. सिबुट्रामिन हे एके काळी वजनावरचे लोकप्रिय औषध होते. ज्यांना आधीपासून हृदयविकार होता, अशांमध्ये ते घेतल्यावर हृदयविकाराचा झटका व पक्षाघात यांचे प्रमाण वाढल्याचे मोठ्या पाहणीत आढळले. 2010 मध्ये युरोप-अमेरिकेतून ते मागे घेतले गेले आणि 2011 मध्ये भारतानेही त्यावर बंदी घातली. रिमोनाबँटची कथा मनाच्या बाजूची. त्याने कित्येकांस नैराश्याने ग्रासले. पूर्वी नैराश्य भोगलेल्यांना धोका अधिक होता. 2008 मध्ये युरोपात आणि 2009 मध्ये येथे त्याचाही व्यवहार थांबला. काट्यावर दोघांचे वजन सारखे भरले, तरी एकाचे हृदय आणि दुसऱ्याचे मन त्या काट्याला दिसत नाही.

नव्या औषधांबाबतही हेच आहे. स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी जातीचा कर्करोग झाला असेल, तर ती वर्ज्य मानली जातात. स्वादुपिंडाला पूर्वी सूज येऊन गेली असेल, तर फार जपून पावले टाकावी लागतात. उलट, कित्येकदा वजन वाढण्याचेच मूळ जुन्या दुखण्यात वा त्यावरील औषधांत सापडते. दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, मनोविकारावरील काही औषधे, मंदावलेली थायरॉइड ग्रंथी ही कारणे शोधल्यावाचून केवळ ‘कमी खा’ असे बजावणे हा रोग्यावर अन्यायच होय. चरकसंहितेने अतिस्थूलतेच्या कारणांत अतिभोजन व व्यायामाचा अभाव यांच्याबरोबर ‘बीजस्वभाव’ही गणला आहे, हे विसरू नये.

हा पूर्वेतिहास जन्माआधीपासून सुरू होतो, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत 1993 पासून केलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो, तर इंग्लंडातील बालकांचे 3.5 किलो भरले. पण वजन एवढे कमी असूनही आपल्या बालकांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी उणी नव्हती. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपले व इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र छापले. वजन-उंचीचा निर्देशांक दोघांचा 22.3, चरबी मात्र एकाची 21.2 टक्के, दुसऱ्याची 9.1! भारतीयांसाठी स्थूलतेची मर्यादा 30 ऐवजी 25 वर आणली गेली, ती अशाच निरीक्षणांमुळे.

मग आपण हा इतिहास सांगत का नाही? काही अज्ञानाने, काही संकोचाने. घरात मुलीचे लग्न जमायचे असते, म्हणून आत्याचे मनोरुग्ण असणे दडवले जाते. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांनी मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्याचे कोणासही न सांगता, उसन्या आहारतक्त्यावरून जेवण निम्म्यावर आणले. एके पहाटे साखर उतरून ते रस्त्यातच कोसळले. सुदैवाने वाचले. दोष त्यांचाच होता, असे म्हणवत नाही. तक्ता देणाऱ्याने विचारलेच नव्हते.

वैद्यकीय शिक्षणात रुग्णाची हकिगत घेण्याला परीक्षेत गुण असतात. व्यवसायात पडल्यावर मात्र रांगेतील गर्दीपुढे तिला दोन मिनिटेही उरत नाहीत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून याच शहरात आहे. वजनावरील औषध लिहिण्यापूर्वी सविस्तर हकिगत नोंदवण्याचा दंडक घालण्यात त्याने पुढाकार घेतला, तर ते उचितच ठरेल. परंतु आपणही केवळ त्याची वाट पाहत बसू नये. प्रत्येक घरात एक वही असावी. कोणाला कोणते दुखणे कोणत्या वर्षी झाले, कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणती गोळी किती काळ घेतली, कोण कशाने गेले, एवढे तीत लिहावे. खर्च एका वहीचा. नातवंडांना ती तीर्थोपाध्यायाच्या वहीइतकीच मोलाची वाटेल.