'शांत खोली मिळेल का?'

बर्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिंदी सिनेमातलं स्वित्झर्लंड येतं. पांढरेशुभ्र डोंगर आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! माझाही हाच गोड गैरसमज होता. अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, होटन या गावी एम.एस. करायला गेलो आणि पहिल्याच हिवाळ्यात तो दूर झाला.

होटन ज्या कीविनॉ द्वीपकल्पावर वसलंय, ते थेट लेक सुपीरियरमध्ये घुसलेलं आहे. थंड वारे सरोवरावरची वाफ उचलतात आणि इथे बर्फ ओततात. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तर ३९०.४ इंच बर्फ पडला, म्हणजे ३२ फुटांहून जास्त! स्कीइंगवाल्यांची चंगळ, आणि स्नोमोबाइलवाल्यांचीही. स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटरसायकलच. पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. इथल्या तांब्याच्या खाणी संपल्या, रेल्वे गेली, रूळ उखडले आणि त्याच वाटांवर स्नोमोबाइलचे ट्रेल झाले. रेल्वे गावातून जायची, म्हणून ट्रेलही गावातूनच! होटन आणि हॅनकॉक यांना जोडणाऱ्या १९५९ च्या लिफ्ट ब्रिजवर हिवाळ्यात वरून मोटारी जातात आणि खालच्या मजल्यावरून स्नोमोबाइल.

आम्ही तिघांनी स्टायपेंडमधून पैसे साठवून दोन दिवसांची क्रॉस-कंट्री स्कीइंगची ट्रिप ठरवली. मोटेलला फोन केला, "शांत खोली मिळेल का?" मालकीणबाई म्हणाल्या, "अगदी शांत! मागे जंगल आहे, ट्रेल तर दारातूनच जातो." आम्ही खूश. ट्रेल म्हणजे स्कीचा, असं आम्हीच समजलो! रात्री साडेअकराला पहिला घोळका परतला. पहाटे सहाला दुसऱ्याने इंजिनं गरम करायला घेतली. झोपेचं खोबरं!

सकाळी तणतणत काउंटरवर गेलो. बाई शांतपणे म्हणाल्या, "हे लोक आले नाहीत तर हिवाळ्यात मला कुलूप लावावं लागेल. आणि मी खोटं काय सांगितलं?" खरंच, काहीच नाही! ट्रेल दारात असणं हे त्यांच्या बहुतेक गिऱ्हाइकांसाठी सुख होतं. चूक आमच्या प्रश्नात होती.

माझं मत असं की 'शांत' हे स्पेसिफिकेशन नव्हे. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून आम्ही विशेषणावर विश्वास ठेवला. विचारायला हवं होतं ते असं: स्नोमोबाइलचा ट्रेल किती अंतरावर? गाड्या रात्री कुठे उभ्या राहतात? पेट्रोल पंप आणि बार कुठे? खोली कोणत्या बाजूची? शनिवार-रविवार सोडून आलो तर? अंतर दुप्पट झालं की एका यंत्राचा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो, पण एकाच्या जागी दहा आली की १० डेसिबलने वाढतो. ताजा भुसभुशीत बर्फ आवाज शोषतो. गोठलेलं तळं मात्र शोषत नाही. म्हणून 'तळ्याकाठची खोली' ऐकून हुरळून जाऊ नये. पुढच्या वर्षी हेच प्रश्न विचारले आणि ट्रेलपासून दोन मैल आत, साध्याशा घरात खोली मिळाली. तिथे मात्र खरोखर बर्फ पडताना ऐकला!

कुणी म्हणेल, सरळ बंदीच घाला ना! यलोस्टोन नॅशनल पार्कमध्ये या प्रश्नावर वर्षानुवर्षं कोर्टबाजी झाली. शेवटी आवाजाची आणि धुराची मर्यादा पाळणारी यंत्रंच, तीही ठरावीक संख्येनेच आत सोडायची, असा मार्ग निघाला. मिशिगनच्या कायद्यातही रात्री १२ ते सकाळी ६ या वेळात घरापासून १०० फुटांच्या आत स्नोमोबाइल अगदी सावकाश न्यावी लागते. म्हणजे तोडगा निघतो तो आकड्यांत: किती डेसिबल, किती फूट, किती वाजता. 'जरा शांत राहा की!' या विनंतीने कुणाचीच झोप वाचत नाही.

आता जरा हॉस्टेलकडे बघू. पी.एल. सुरू आहे, एक जण रात्री दोनला व्हायवाची तयारी करतोय आणि खाली कुणीतरी सायलेन्सर काढलेली बाइक रेस करतोय. त्याला वाटतं, आपण कुणाला काय त्रास देतो? त्या स्नोमोबाइलवाल्यांनाही तसंच वाटत होतं. रेक्टरसरांकडे नुसती तक्रार नेण्याऐवजी वेळ ठरवा, पार्किंगची जागा ठरवा, कोणती विंग अभ्यासाची ते ठरवा आणि नोटीस बोर्डवर लावा. पहिली सही बाइकवाल्याची घ्या. त्याचीही कधीतरी व्हायवा असतेच की!