स्पेसर टाकलाय? मग आधी बोल्ट बघा!

कोल्हापूरकराला गाडी नुसती असून भागत नाही, ती दिसावी लागते. एमएच-०९ची प्लेट, मागच्या काचेवर झोकदार अक्षरांतलं नाव आणि संध्याकाळी रंकाळ्यावर एक संथ राऊंड. या सगळ्या लुकमध्ये एकच गोष्ट डोळ्यांत खुपते. कंपनीने दिलेली चाकं मडगार्डच्या आत दडून बसलेली असतात. बॉडी रुंद आणि चाकं अंग चोरून! मग कट्ट्यावरचा एखादा मित्र सांगतो, "भावा, स्पेसर टाक. गाडी कशी पैलवानागत उभी राहतीय बघ!"

स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती. १५ मि.मी.ची चकती दोन्ही बाजूंना टाकली, की मागची दोन चाकं मिळून ३० मि.मी.ने बाहेर येतात. गाडी खरंच पाय रोवून उभी असल्यासारखी दिसते. लुक झक्कास, वादच नाही. पण गंमत बघा. चकती कितीची, कुठली, काळी की सिल्व्हर यावर तासभर चर्चा होते आणि चाक ज्याच्या जिवावर गाडीला धरून असतं, त्या बोल्टबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

म्हणून आजचा आपला विषय, बोल्ट!

बोल्ट नक्की करतो काय?

आपल्याला वाटतं, गाडीचं वजन बोल्टवर टांगलेलं असतं. तसं नसतं. बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि चाकाला हबवर प्रचंड ताकदीने दाबून धरतो. त्या दाबातून दोन पृष्ठभागांत जे घर्षण तयार होतं, ते खरा भार पेलतं. दाब कमी पडला की चाक हबवर केसभर सरकायला लागतं. मग दर फेऱ्याला बोल्ट इकडून तिकडे वाकतो. तार सारखी वाकवली की कशी तुटते, तसाच तो एक दिवस तुटतो. त्याआधी फार तर स्टिअरिंगमध्ये थोडी थरथर किंवा चाकातून टकटक जाणवते आणि आपण म्हणतो, अलाइनमेंट गेली असेल!

आधी गाडीचं घराणं ओळखा

मारुती, ह्युंदाई, होंडा, टोयोटा यांच्या गाड्यांना हबमध्येच स्टड बसवलेले असतात आणि बाहेरून नट लागतो. फोक्सवॅगन, स्कोडा, फियाट, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू ही मंडळी युरोपियन वळणाची. त्यांच्या हबला नुसती आट्यांची भोकं असतात आणि बाहेरून बोल्ट आत जातो.

बोल्टवाल्या गाडीत स्पेसर टाकायचा तर त्याच मापाने लांब बोल्ट घ्यावे लागतात. स्टडवाल्या गाडीत काम जास्त. तिथे जुने स्टड काढून लांब स्टड प्रेस करावे लागतात, नाहीतर 'बोल्ट-ऑन' स्पेसर घ्यावा लागतो. बोल्ट-ऑन म्हणजे आधी चकती हबला आवळायची आणि मग चकतीच्या स्वतःच्या स्टडवर चाक. ही चकती साधारण २० मि.मी. किंवा जास्त जाडीची असते, कारण तिच्यात नटाचं डोकं लपायला जागा लागते. स्टडच्या गाडीत नुसती चकती सरकवून जुन्याच नटावर भागवणं म्हणजे नटाला दोन-तीन आट्यांवर लटकवणं.

लांबीचं गणित

हिशोब सोपा आहे. जुन्या बोल्टची लांबी अधिक चकतीची जाडी, बस्स. समजा कंपनीचा बोल्ट २७ मि.मी. आहे आणि स्पेसर १५ मि.मी.चा, तर नवा बोल्ट ४२ मि.मी.चा हवा. ही लांबी मोजताना बोल्टचं डोकं आणि त्याखालचा निमुळता किंवा गोल भाग धरायचा नाही, फक्त खालचा दांडा मोजायचा.

आता कमी लांबीचं काय होतं बघा. २७ मि.मी.च्या त्या बोल्टपैकी समजा १५ मि.मी. हबमध्ये जात होता. तुम्ही १० मि.मी.ची चकती टाकली आणि बोल्ट तेच ठेवले. आत उरले ५ मि.मी., म्हणजे जेमतेम साडेतीन आटे. भयंकर गोष्ट ही, की तेवढ्यावरही बोल्ट आवळला जातो! पाना अडतो, हाताला घट्ट लागतं, गाडी मजेत घरी येते. पण आठवड्याने चार मित्र आणि सामान भरून गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना प्रत्येक वळणावर तेच साडेतीन आटे ओढले जातात. तिथे चाक निखळलं तर बाजूला दरी आहे आणि समोरून येणाऱ्या बाईकवाल्याचा तर काहीच दोष नाही.

युरोपात यासाठी आट्यांच्या फेऱ्या मोजण्याची पद्धत आहे. १२ × १.५ च्या बोल्टला निदान साडेसहा फेरे, १२ × १.२५ ला आठ, १४ × १.५ ला साडेसात आणि १४ × १.२५ ला नऊ. यातला पहिला आकडा बोल्टची जाडी, दुसरा दोन आट्यांमधलं अंतर, दोन्ही मि.मी.मध्ये. पोलो किंवा ऑक्टेव्हियाला १४ × १.५ लागतो. सगळ्यात छान उपाय घरीच करता येतो. स्पेसर टाकण्याआधी जुना बोल्ट काढताना किती फेरे होतात ते मोजा. नवा बोल्ट तेवढे फेरे आत गेला पाहिजे.

"मग जरा जास्तच लांब घेऊया की!" नको. जास्त लांब बोल्ट हबच्या मागून बाहेर डोकावतो. मागे ड्रम ब्रेक असेल तर त्याच्या स्प्रिंगला किंवा हँडब्रेकच्या यंत्रणेला लागू शकतो, कुठे एबीएसच्या सेन्सरला. चाक लावल्यावर गाडी जॅकवर असतानाच हाताने दोन-तीन गिरक्या द्या. कुठेही खरखर आली, तर तिथेच थांबा.

बैठक जुळली का?

लग्नात पत्रिका जुळवतात, तशी इथे बैठक जुळवावी लागते. बोल्ट चाकाला जिथे टेकतो तो भाग काही बोल्टचा गोल असतो, चेंडू कापल्यासारखा. काहींचा निमुळता, ६० अंशांचा कोन. फोक्सवॅगन-स्कोडाच्या कंपनीच्या चाकांना गोल बैठक लागते, तर बाजारातल्या बहुतेक अलॉयना निमुळती. होंडाच्या मूळ नटाची बैठक गोल, बाहेरच्या अलॉयला बहुधा निमुळती.

गोल बोल्ट निमुळत्या भोकात टाकला तर तो पूर्ण टेकत नाही, एका बारीक रेघेवर उभा राहतो. पाना म्हणतो घट्ट, पण थोड्याच दिवसांत ती रेघ दबते आणि दाब गायब. स्पेसरसाठी नवे बोल्ट घेताना जुना बोल्ट खिशात घालून न्या आणि चाकाच्या भोकात बोट घालून बघा. एवढं केलं तरी पुरे.

उद्यमनगरात काय होत नाही?

हा प्रश्न कोल्हापुरात विचारायचाच नसतो! ज्या गावाच्या शिवाजी उद्यमनगरात लेथच्या आवाजात पिढ्या वाढल्या, जिथल्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांतून देशभरच्या वाहन कंपन्यांना कास्टिंग जातं, तिथे चकती टर्न करून घेणं म्हणजे चहा पिण्याइतकं सोपं. चांगल्या टर्नरने नेमक्या मापात काढलेली चकती कुणीही नावं ठेवू नये अशी असते. तिचं मधलं भोक हबवर अलगद पण घट्ट बसलं पाहिजे आणि बाहेरच्या ओठावर चाक नेमकं मध्यावर यायला हवं, नाहीतर ८०च्या पुढे स्टिअरिंग नाचतं.

बोल्टचं मात्र तसं नाही. चाकाचा बोल्ट ठोकून घडवला जातो, त्याचे आटे दाबून उठवतात आणि मग त्याला उष्णता देऊन मुरवतात. लेथवर साध्या रॉडमधून कापलेला बोल्ट दिसायला अगदी जुळा भाऊ, ताकदीला नाही. डोक्यावर १०.९ हा आकडा शोधा. त्यातला १० सांगतो, की बोल्ट दर चौरस मि.मी.ला साधारण १०० किलोचा ताण सोसेल. पुढचा ९ सांगतो, की त्यातल्या ९० टक्क्यांपर्यंत तो कायमचा लांबणार नाही. आकडाच नसेल तर बोल्ट परत करा. हे आपल्या गावाच्या हुनराला कमी लेखणं नव्हे. अनुभवी मेस्त्री स्वतःच सांगतो, "चकती देतो करून, बोल्ट मात्र चांगला बघून आणा."

घट्ट म्हणजे किती घट्ट?

पान्यावर उभं राहून उड्या मारणं हे माप नव्हे. पोलो-ऑक्टेव्हियाला १२० न्यूटन-मीटर, स्विफ्टसारख्या गाडीला ८५ च्या आसपास. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात असतो. टॉर्क रेंच असलेलं दुकान शोधा आणि एअर गनने शेवट करू देऊ नका. आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, कारण ते आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात. आपल्याकडच्या पावसात हबवर गंज चढतो, तो तारेच्या ब्रशने साफ करूनच चकती बसवा. मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला तर नंतर तो चुरा होऊन बोल्ट सैल पडतो. आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा टॉर्क तपासायचाच.

पोलीसमामा आणि विमावाले

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा होईल असा बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्याने लिहिलं गेलं. त्यात मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी हमखास आडवा येतो. शिवाय चाक बाहेर आलं की बेअरिंगवरचा ताण वाढतो, हेही हिशोबात धरा.

खरंतर नवे अलॉय घेणारच असाल, तर त्यावरचा 'ईटी' आकडा बघा. ईटी ४५च्या चाकाला १५ची चकती लावली की ते ईटी ३०सारखं बसतं. मग सरळ कंपनीने मान्य केलेल्या कमी ईटीचं चाक घेतलं, तर चकतीही नको आणि लांब बोल्टही नको.

दुकानात जाताना एवढं लक्षात ठेवा

- बोल्टची जाडी आणि आट्यांचं अंतर गाडीप्रमाणेच.
- लांबी = जुना दांडा + चकतीची जाडी.
- बैठक चाकाप्रमाणे, गोल की निमुळती ते बघून.
- डोक्यावर १०.९.
- चारही चाकांचे जुने बोल्ट जपून ठेवा आणि एका चाकाचा सेट डिकीत असू द्या. पंक्चरच्या वेळी चकती काढून स्टेपनी थेट हबवर लावलीत, तर लांब बोल्ट आत घुसून ब्रेकला लागतील.
- पुढच्या चाकांना स्पेसर असेल तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, ते बघा.

कोल्हापूरला वेगाचं वेड नवं नाही. इथे मोहितेंचा रेसिंग ट्रॅक आहे, ध्रुव मोहिते आणि कृष्णराज महाडिकसारखे रेसर याच मातीतले. रेसिंगच्या पिटमध्ये चाकाचा टॉर्क तपासणं हे नेहमीचं काम असतं. त्यांची स्टाइल कॉपी करायचीच असेल तर सुरुवात तिथून करा. रंकाळ्यावर गाडी लावून फोटो काढण्याआधी एकदा खाली वाका आणि बोल्ट बघा!